निवृत्तीनंतरची नियत

३१ जानेवारी २०२०. त्या संध्याकाळी माझे थोरले भाईजान टेलिफोन एक्स्चेंजमधून शेवटचे घरी आले. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि पिशवीत सहकाऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. वय ५३. भारत संचार निगमची स्वेच्छानिवृत्ती योजना आदल्या नोव्हेंबरात आली होती आणि पन्नाशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांना ती खुली होती. देशभरात ७८ हजारांहून अधिक लोकांनी ती घेतली आणि सगळे एकाच दिवशी निवृत्त झाले. भाईजान त्यांच्यातले एक.

हिशेब सरळ होता. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, शिवाय पेन्शन. मुलीचं लग्न झालेलं, मुलगा कामाला लागलेला, घराचं कर्ज फिटलेलं. कागदावर सगळं जुळत होतं.

जे जुळत नव्हतं ते सोमवारी सकाळी समोर आलं. तीस वर्षं रोज सकाळी त्यांच्या हातात फॉल्टची यादी पडायची. कुणाचा फोन बंद, कुठे खोदकामात केबल तुटलेली, कुठे जोडणीत पावसाचं पाणी शिरलेलं. त्या यादीवर दिवस ठरायचा. त्या सोमवारीही ते सात वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. भाभींनी विचारलं, "कुठे निघालात?" ते म्हणाले, "कुठेच नाही."

रमजानच्या पानावर निवृत्तीचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण भाईजानांना या प्रश्नातून वाट सापडली ती रमजाननेच, आणि तीही ज्या गोष्टीकडे आम्ही रोजेदार फारसं लक्ष देत नाही त्या गोष्टीतून. ती गोष्ट म्हणजे नियत.

एकोणीस कलमांची यादी

निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यातच भाईजानांनी नवी डायरी आणली आणि पहिल्या पानावर संकल्प लिहिले. उमराह करायचा. रोज पाच किलोमीटर चालायचं. कुरआन अर्थासह वाचायचं. गच्चीवर भाजीपाला लावायचा. पोहायला शिकायचं. संगणक शिकायचा. घराण्याचा इतिहास लिहायचा. मोजले तर एकोणीस झाले. मला फोन करून त्यांनी ती यादी वाचून दाखवली आणि मीही "वा!" म्हटलं.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र त्यांनी आधी केली. एका नातेवाइकाच्या मोबाइलच्या दुकानात तीन लाख रुपये घातले. फेब्रुवारीत दुकान उघडलं, मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि ते शटर पुन्हा वर गेलंच नाही. पुढे एकदा ते स्वतःच मला म्हणाले, "धंदा करायचा म्हणून मी पैसे घातले नव्हते गं. रस्त्यात जो भेटेल तो विचारायचा, आता काय करता? त्याला द्यायला उत्तर असावं म्हणून घातले."

एकोणीस संकल्पांपैकी तोवर सुरू झाले होते दोन. चालणं टाळेबंदीत बंद झालं. गच्चीवरची मेथी उन्हाने जळाली. डायरी कपाटात गेली.

नियत म्हणजे इच्छा नव्हे

मराठीत 'नियत' हा शब्द आपण बहुतेक वेळा वाईट अर्थानेच वापरतो. त्याची नियत फिरली, तिची नियत बरी नाही. अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आलेला हा शब्द मुळात मात्र फार आदराचा आहे. नमाज असो, रोजा असो वा जकात, नियत केल्याशिवाय ती इबादत होत नाही. दिवसभर कुणी उपाशी राहिला पण रोज्याची नियतच नव्हती, तर तो नुसता उपाशी राहिला, रोजा झाला नाही. इमाम बुखारी यांनी हदीसचा आपला प्रसिद्ध संग्रह सुरू केला तोच या वचनाने, की माणसाच्या कृतीचं मोल तिच्यामागच्या हेतूवर ठरतं.

नियत तोंडाने म्हणायलाच हवी असं नाही, ती मनाची गोष्ट आहे. पण तिला काही शिस्त आहे. ती नेमकी असावी लागते: कुठला रोजा, कुठली नमाज, हे मनात स्पष्ट हवं. तिला हद्द असते: रोजा पहाटे सुरू होतो आणि सूर्यास्ताला संपतो, त्यापुढे एक मिनिटही ताणायचा नसतो. आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. आम्ही हनफी पंथाचे लोक प्रत्येक रोज्याची नियत वेगळी करतो. महिनाभराची एकदम करून चालत नाही.

इच्छेचं तसं नसतं. 'कुरआन अर्थासह वाचायचं' ही इच्छा झाली. ती वर्षानुवर्षं मनात राहू शकते आणि तिच्यामुळे आपण चांगले आहोत असं समाधानही देते. 'उद्या फज्रनंतर दहा आयती अर्थासह वाचेन' ही नियत. ती उद्या सूर्य वर येईपर्यंत एक तर पूर्ण होते किंवा मोडते. तिच्यापुढे लपायला जागा नाही.

हिंदू वाचकांना हे परकं वाटू नये. चातुर्मासात आपल्याकडे घरोघरी नेम धरतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज एक अध्याय वाचतं. नेम लहान असतो, त्याला मुदत असते आणि तो मोडला की धरणाऱ्यालाच कळतं. म्हणूनच तो पाळला जातो.

टाळेबंदीतला रमजान

२०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. मशिदी बंद. तरावीहची नमाज, जी एरवी इशानंतर मोठ्या जमातीत हाफिजसाहेबांच्या मागे होते, ती प्रत्येकाने घरात पढायची होती. घरातला थोरला पुरुष म्हणून भाईजान पुढे उभे राहिले. मागे मुलगा, त्याच्यामागे भाभी. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला तोंडपाठ आहेत त्या शेवटच्या दहा-बारा लहान सूरा, त्याही लहानपणी मकतबमध्ये घोकलेल्या. वीस रकातींत त्याच आलटून पालटून. ५३ वर्षांचा माणूस, तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला, घरच्यांसमोर नमाज पढवताना खजील झाला.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. दुपारी चारचा सुमार. भाभी इफ्तारीची तयारी करत होत्या. त्यांचाही रोजा. भज्यांचं पीठ कालवायचं, फळं कापायची, सरबत, रात्रीचा स्वयंपाक, पहाटेच्या सहरीची तजवीज. भाईजान हॉलमध्ये मोबाइल बघत आडवे झालेले. भाभी दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात. मी कधी होणार?"

भाईजान हसले. भाभी हसल्या नाहीत.

त्या रात्री सहरीला रोज्याची नियत करताना त्यांनी मनात आणखी एक नियत केली: उद्या असरपासून मगरिबपर्यंत, म्हणजे दुपारच्या उत्तरार्धातल्या नमाजपासून रोजा सोडेपर्यंत, स्वयंपाकघर माझं. फक्त उद्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळं कापली, भांडी घासली, भजी जळवली. रात्री पुन्हा तीच नियत केली. त्या वर्षी रमजान तीस दिवसांचा होता. पहिला आठवडा भाभींचाच हात फिरत होता. तिसाव्या दिवशी त्यांना सरळ बाहेर बसता आलं.

मला वाटतं, कळ तिथे होती. 'महिनाभर मदत करेन' असं त्यांनी ठरवलं असतं तर चौथ्या दिवशी ते डायरीसारखंच कपाटात गेलं असतं. रोजेदाराला कुणी पहिल्या दिवशी तीसही रोजे पूर्ण करशील का, असं विचारत नाही. विचार फक्त उद्याचा असतो. तीस 'उद्या' झाले की ईद येते.

बगदादचा एक प्राध्यापक

मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्यांमध्ये इस्लामी इतिहासातलं सर्वांत मोठं नाव इमाम गझाली यांचं आहे. जन्म १०५८, इराणातल्या तूस गावचा. १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात ते मुख्य अध्यापक झाले. त्या काळात विद्वानाला याहून मोठं पद नव्हतं. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. आणि १०९५ मध्ये, चाळिशीही गाठली नसताना, त्यांनी ते सगळं सोडलं.

'अल-मुन्किज मिनज्जलाल' या आत्मकथनात त्यांनी कारण लिहून ठेवलं आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि प्रामाणिक उत्तर आलं की नावासाठी, प्रतिष्ठेसाठी. मनाची ओढाताण इतकी वाढली की वर्गात तोंडून शब्द फुटेना. घरच्यांच्या गरजेपुरतं ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली आणि ते बगदादबाहेर पडले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का. सुमारे अकरा वर्षं ते या पदापासून दूर राहिले.

बहुतेक लोक गोष्ट इथे थांबवतात. पण ११०६ मध्ये गझाली पुन्हा शिकवायला गेले, नीशापूरच्या मदरशात. काम तेच, विद्यार्थी तसेच. मग सोडलं कशाला होतं? त्याचंही उत्तर त्यांनी दिलं आहे. वरवर पाहता मी परत आलो, पण खरं तर परत आलेलो नाही. आधी जे शिकवत होतो ते मान मिळवण्यासाठी होतं, आता शिकवतो ते मानाचा मोह सुटावा म्हणून. असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

भाईजानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना दुकानातले तीन लाख आठवले. लोकांना उत्तर द्यायला केलेली गोष्ट आणि स्वतःला हवी म्हणून केलेली गोष्ट बाहेरून एकसारख्या दिसतात, हे त्यांनी पैसे देऊन शिकलं होतं.

सकाळी करार, रात्री हिशेब

गझालींचा मोठा ग्रंथ 'इहया उलूम-उद-दीन' चाळीस भागांचा आहे. त्यातला एक भाग नियतीवर आहे आणि त्याच्या पुढचा भाग स्वतःवर नजर ठेवणं आणि स्वतःचा हिशेब घेणं यावर. तिथे त्यांनी उदाहरण घेतलं आहे व्यापाऱ्याचं. व्यापारी भागीदाराच्या हाती भांडवल देतो तेव्हा आधी अटी ठरवतो, मग लक्ष ठेवतो आणि शेवटी हिशेब मागतो. तसंच माणसाने आपल्या मनाशी करावं. सकाळी मनाशी करार: आज भांडवल म्हणून हा एक दिवस देतो आहे. दिवसभर नजर. रात्री वही उघडून नफा-तोटा. तोटा दिसला तर मनाला जाब विचारायचा.

निवृत्त माणसाला याची गरज नोकरदारापेक्षा जास्त असते. नोकरीत करार साहेबाने केलेला असतो, हजेरीपट नजर ठेवतो, महिनाअखेरीस पगार हिशेब सांगतो. निवृत्तीच्या दिवशी हे तिन्ही एकदम जातात आणि वेळ तेवढा हातात उरतो. प्रकृती आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुतेक लोक फसतात, असं पैगंबर साहेबांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. तिथे वापरलेला शब्द सौद्यात फसलेल्या माणसासाठीचा आहे. मौल्यवान वस्तू कवडीमोलाने देऊन बसलेला, असा.

ईदनंतर भाईजानांनी जुनी डायरी पुन्हा काढली, एकोणीस कलमांचं पान तसंच ठेवलं आणि मागच्या बाजूने नवी सुरुवात केली. आता तीनच नियती होत्या. एक घरासाठी: सकाळचा चहा-नाश्ता त्यांचा. एक स्वतःसाठी: रोज अर्धा तास वाचन, तेही आधी नीट वाचायला शिकून. एक लोकांसाठी: आठवड्यात एक काम असं, ज्याचे पैसे घ्यायचे नाहीत. रात्री झोपताना तिन्हींपुढे खूण किंवा फुली. कारणं लिहायची नाहीत.

अब्बांची वही

दुसऱ्या नियतीत माझा वाटा आहे. आम्ही एका घरातली भावंडं, पण भाईजान मराठी शाळेत शिकले आणि मी उर्दू शाळेत. त्यांना उर्दू बोलता येते, वाचता येत नव्हती. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मी त्यांना अलिफ-बे शिकवायला लागले. कॉलेजात पदव्युत्तर वर्ग घेणारी मी, आणि पंचावन्नकडे झुकलेला विद्यार्थी जो 'जीम', 'चे', 'हे' आणि 'खे' यांच्या नुक्त्यांत रोज घोटाळे करायचा. मशीद उघडल्यावर त्यांनी कुरआनचे उच्चार सुधारायला इमामसाहेबांकडे जायला सुरुवात केली. तिथे शेजारी सात-आठ वर्षांची मुलं बसायची आणि भाईजान चुकले की खुदकन हसायची.

आमचे अब्बा शिंपी होते. त्यांच्या मापांच्या वह्या अजून ट्रंकेत आहेत, सगळ्या उर्दूत. दीड-दोन वर्षांनी एका दुपारी भाईजानांचा फोन आला. त्यांनी एक वही उघडली होती. सीना, कमर, आस्तीन, पुढे आकडे, पुढे बाकी रक्कम. गावातली निम्मी आडनावं त्यात होती. ब्राह्मण आळीतली, माळवाड्यातली, आमच्या मोहल्ल्यातली. मला म्हणाले, "बऱ्याच नावांपुढे रक्कम खोडून एकच शब्द लिहिलाय. मी मघापासून वाचतोय, मला नीट वाचता येतंय का तेवढं सांग." त्यांनी फोटो पाठवला. बरोबर वाचलं होतं. शब्द होता 'माफ'.

अब्बांनी ही गोष्ट घरात कधी सांगितली नव्हती. आणि ती कळायला त्यांच्या मुलाला नोकरीतून मोकळं व्हावं लागलं.

तिसऱ्या नियतीचं रूपही हळूहळू ठरत गेलं. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण'मार्फत डिजिटल पद्धतीनेही देता येतो, पण सत्तरी ओलांडलेल्यांना ते जमतंच असं नाही. तारांच्या जाळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मोबाइलची भीती नव्हती. पहिल्या वर्षी शेजारचे निवृत्त गुरुजी आले, मग त्यांनी आणखी दोघांना पाठवलं. आता नोव्हेंबरात भाईजानांच्या ओट्यावर खुर्च्या मांडाव्या लागतात. चहा अर्थात तेच करतात.

फुलीच्या दिवसांचं काय?

हे वाचून कुणाला वाटेल, चला, सगळं मार्गी लागलं. तसं नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेला एक मित्र गेला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने डायरीत एकही खूण नाही. नाश्ता पुन्हा भाभींकडे गेला. पोहणं त्यांना अजून येत नाही. उमराह व्हायचा आहे. दुकानातले पैसे परत आले नाहीत.

पण इथेही रोज्याचाच नियम कामी आला. आजारपणात किंवा प्रवासात सुटलेला रोजा नंतर ठेवता येतो, त्याला कजा म्हणतात. एका रोज्याबदली एक रोजा. एक सुटला म्हणून पुढचे सोडून द्यायचे नसतात. दोन महिन्यांनी त्यांनी डायरी उघडली आणि मागचं काही न खोडता पुढच्या पानावर तारीख घातली.

आणखी एक सवलत आहे. कोकणातले आमचे शाफई बांधव रमजानच्या रोज्याची नियत रात्रीच करतात. हनफी मतात मात्र पहाटे नियत राहून गेली आणि काही खाल्लं-प्यायलं नसेल, तर मध्यान्हाच्या आधीपर्यंत ती करता येते. पन्नाशीत निवृत्त झालेल्याने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. सकाळ निसटली असेल, दुपार अजून व्हायची आहे.

'निवृत्ती' हा शब्दही मराठीला नुसता थांबण्याचा नाही. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ. त्यांच्या आज्ञेने धाकट्या भावाच्या हातून केवढं काम झालं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

२०२० मध्ये एप्रिलअखेर सुरू झालेला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत आता थंडी सरता सरता येतो. मलाही नोकरीत आता वीस वर्षं होत आली. नियमाप्रमाणे त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करता येतो आणि स्टाफरूममध्ये त्याची चर्चा रोजची आहे. परवा इफ्तारला भाईजानांकडे गेले होते. भजी त्यांनी केली होती, आता जळत नाहीत. मी माझी कैफियत मांडली: पेपर तपासणं, कागदपत्रं, बैठका, अहवाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कशातून सुटायचंय ते सांगितलंस. कशासाठी, ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. अजाण झाली, आम्ही खजूर उचलली. घरी आल्यावर मी एक कोरी वही काढून ठेवली आहे. तिच्यात अजून काही लिहिलेलं नाही. आज सहरीला उद्याच्या रोज्याबरोबर एक लहानशी नियत करेन, फक्त उद्यापुरती.